डाव्या हाताची सही

४ जून
डाव्या हाताने काढलेलं माझं नाव माझंच आहे का? मला उत्तर येत नाही. शाळेच्या कारकुनाला मात्र येतं! "बाई, सही जुळत नाही. सरळ अंगठा लावा ना. डावा आहे की शाबूत! नाहीतर ही सही तुमचीच, असा साक्षीदार आणा — लिहिता येणारा हं!"

बसच्या अपघातात उजवा हात कोपरापासून गेला, त्याला पाच महिने झाले. रजा संपली. आता रुजू होण्याच्या अर्जावर सही हवी. घरातली पहिली पदवीधर मी — आणि अंगठा? अर्ज तसाच परत आणला. वीस तारखेची मुदत आहे.

५ जून
मुख्याध्यापक म्हणाले, "पाचवीचा फळा आता कसा झेपणार? कपाटांच्या खोलीत बसा, पुस्तकं मोजा. सगळ्यांना तुमची काळजी आहे हो."
काळजी! अडगळीत टाकायचं आणि वर उपकार!

८ जून
डाव्या हाताने सही गिरवून गिरवून वही संपत आली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

९ जून
आज मी आईला फार वाईट बोलले. ती दिवसभर इस्त्री करून दमून आली, वही पाहिली, म्हणाली, "कशाला जिवाला त्रास? मी जन्मभर अंगठाच लावला. काय अडलं माझं?"
मी ओरडले — "मी तुझ्यासारखी अंगठाछाप नाही!"
तिने कंगवा उचलला. माझी वेणी घालून दिली, रोजच्यासारखी.

१० जून
वेणी आज जरा घट्टच ओढली. हक्क आहे तिचा.

१३ जून
वहीत माझ्या ओळीखाली दुसरीच ओळ! माझंच नाव, पेन्सिलने, कागद फाटेल इतकं दाबून. विचारलं तर आई लाजली. "आधी तू भरभर लिहायचीस, मला नुसत्या रेघा दिसायच्या. आता हळू काढतेस ना — कुठून सुरू होतं, कुठे वळतं, सगळं कळतं बघ."

मग तिला तिचं नाव काढून दिलं. दिवा मालवेपर्यंत ती ते गिरवत बसली.

आज राग माझाच आला. तीन वर्षं फळ्यावर झरझर लिहिलं. मागच्या बाकावर किती जणींना नुसत्या रेघा दिसल्या असतील? कधी वळून विचारलं नाही!

१९ जून
सकाळीच अर्ज देऊन आले. त्यात लिहिलं — पाचवी नको, पहिली द्या. कपाटातली पुस्तकं ज्यांना काळजी आहे त्यांनी मोजावीत! कारकुनाने शाईचं पॅड उघडून ठेवलं होतं. मीच ते बंद केलं.
खाली माझी डावी सही. साक्षीदार — आई. अख्खं नाव, कानामात्रेसकट.