मेंढरांच्या मोजणीतला धमाका

१२ फेब्रुवारी २००२, साखरा
वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. हे सर्वांनी पाहिलेले. पण काल दिवस मावळताना आभाळात आगीचा गोळा फुटला, त्याचा धमाका इतक्या उशिरा का, की तोवर लोक घरांत परतले होते? मी घड्याळ पाहिलेच नाही. विज्ञानशिक्षक! लाज वाटते.
माळावरचे मेंढपाळ मारोतराव पैनगंगेपलीकडे निघायच्या बेतात. "दुसरा गोळा हितंच पडंल, सर." त्यांची राधा माझ्या दहावीच्या वर्गात. परीक्षा महिन्यावर.

१३ फेब्रु.
माळावर गेलो. परवा त्या वेळी मारोतराव मेंढरे एकेक करून जाळीच्या वाड्यात घेत होते, विसांनी मोजत. उजेड पडला तेव्हा दोन विसा, धमाक्याला साडेचार. मधे पन्नास मेंढरे! आज घड्याळ धरून उभा राहिलो : मिनिटाला चाळीस. म्हणजे ७५ सेकं. आवाजाला कि.मी.स सुमारे तीन सेकं.; स्फोट पंचवीस कि.मी. दूर. हवेच्या दाबाने दगडाचा वरच्या वर चुरा, इथे पडण्याजोगे काही उरत नाही.
"पक्कं?"
"पक्कं."
मारोतराव राहायला कबूल.

१५ फेब्रु.
राधा : "सर, लई मोठा आला तर?" सांगितले, पुष्कळ वर्षे आधी यान आदळवून किंचित ढकलायचा, अशी कल्पना आहे, आरंभीचा केसभर फरक पुढे...
मारोतराव हसले. "मंग आमी काय करून राहिलो? म्होरचं मेंढरू लांबूनच वळवावं लागतंय. पिकात तोंड घातल्यावर काठी हाणून काय उपेग?"
वीस वर्षे शिकवतो. इतके नेमके कधी जमले नाही.

१६ फेब्रु.
फळ्यासमोर अडखळलो. उजेडाने मेंढरे बुजली असणार! धावतच आत शिरली असणार. मग ७५ सेकं. कुठले? तीस-चाळीस. अंतर दहा-बारा कि.मी. सांगावे तर ते जातील, राधाची परीक्षा बुडेल. न सांगावे तर

१७ फेब्रु.
सायंकाळी सांगितले. बिऱ्हाड पुन्हा घोड्यावर चढू लागले. राधाची आई पारूबाई : "तुमचं पक्कं चार दिसांत कच्चं झालं व्हय, सर?"
मारोतराव : "धावली खरी. तवाच इचारलं काहून न्हाई?" मग घोड्याची दोरी आवळत, "तिनानं भागायचं, ते तरी बराबर हाय का?"
पश्चिमेला पाच कि.मी.वरच्या टेकडीवर ढग होते. म्हटले, माझ्यावर विसंबू नका. तिथे वीज चमकली की सावकाश सेकंद मोजा, गडगडाट ऐकू येताच थांबा, तिनाने भागा; पाचाच्या आसपास आले तर तीन बरोबर. विजेला मेंढरांसारखे बुजणे नाही.
चमकली. राधा मोजू लागली. मारोतरावांचा हात घोड्याच्या दोरीवर तसाच.
"...नऊ... धा..."