दहा लाख नऊ

रविवार, ९ जानेवारी १९८३

सगळं बदललं ते १४ डिसेंबरला, दुसऱ्या तासाला. गणिताचे सर म्हणाले, १०,००,००९ ही मूळ संख्या नाही. मी उभा राहिलो — मग भाजक सांगा! म्हणाले, पुस्तकात तसं दिलंय. मी म्हटलं, पाठांतर पोपटालाही येतं! वर्ग सोडून निघालो, पालघरचं कॉलेज तिथंच संपलं. आता बोईसरच्या केमिकल कंपनीत पिंपं ढकलतो.

आज वर्गातली शालू भेटली, चिंचणीच्या सुरूच्या बनात. सरांचा निरोप घेऊन. "माफी नको म्हणावं. भाजक आण, नाहीतर भाजक नाही हे सिद्ध कर. परीक्षेच्या फॉर्मवर सही देतो. २४ तारखेपर्यंत."

जाताना म्हणाली, "घरी तुझं नाव घेतलंय मी. पण कॉलेज सोडलेला मुलगा आबांना चालायचा नाही."

भाजक नाहीच. दाखवतो!

मंगळवार, ११

हजाराच्या आत मूळ संख्या १६८. प्रत्येकीनं भागायचं. पुढं जायची गरज नाही — जोडीतला धाकटा भाजक हजाराच्या आतच सापडणार. ३, ७, ११, १३ — बाकी उरते. उरणारच!

माई ओरडली, "बोंबील कावले नेतात, तुजं लक्ष हाय कुटं?"

शुक्रवार, १४

७९ पर्यंत आलो. शालू दिसली नाही.

मंगळवार, १८

शालूला बघायला एडवणचे पाहुणे येऊन गेले! डोकं फिरलं. त्या तिरमिरीत चाळीस भागाकार केले, कंपनीतच. फोरमन म्हणाला, "क्या पंडित, अब पीपे पे भी लिखेगा?"

शनिवार, २२

संपलं! १६८ पैकी एकीनंही भाग जात नाही. जिंकलो!

रविवार, २३

शालूनं वही उघडलीसुद्धा नाही. एक कागद पुढं केला. १००० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग — दहा लाख नऊ. ९७२ चा वर्ग अधिक २३५ चा वर्ग — तेही दहा लाख नऊ. "मूळ संख्या अशी दोन तऱ्हांनी मोडत नाही रे."

मी कागद भिरकावला. "सरांनी पढवून पाठवलं तुला!"

"महिना घालवलाय मी यात. तुझ्यासाठी." सायकल घेऊन गेली. मागं वळली नाही.

घरी येऊन वर्ग केले. ९,४४,७८४. ५५,२२५. बेरीज बरोबर.

मग वही, पहिल्यापासून. १८ तारखेच्या पानावर २९३ चा भागाकार. हजारातून ८७९ गेले, मी लिहिलेत १३१. हवेत १२१! पुन्हा भागलं. ३४१३. बाकी शून्य.

सोमवार, २४

"चुकलो" असं दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. माई म्हणाली, "कोनाशी बोलतोस? आज कामावर नाय?"

नाही. आधी शालूकडे, तिच्या आबांसमोर म्हणायचं. मग पालघर. सरांना भाजक सांगायचा, आणि तो आहे हे आधी शालूनं ओळखलं, तेही.

वही मिटतो. दार ओढून घेतो.