कुलूपकाकांच्या खाटेपाशी

४ मार्च, मंगळवार

कुलूपकाका वाचले. सकाळच्या राऊंडला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि इन्चार्ज सिस्टरनेही मग तेच सांगितलं, म्हणजे पक्कं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं बहुतेक सगळं. आता पुढचं काम आमचं.

काका कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचे, म्हणून वॉर्डात हे नाव पडलं. माझं नाव वर्गात आजीबाई. बेचाळिसाव्या वर्षी वर्तमानपत्राची नोकरी सोडून नर्सिंग शिकायला आलेली बाई या विशीतल्या पोरींना आजीबाईच वाटणार. चालायचंच.

ट्यूटरबाई आज वर्गात म्हणाल्या, खाटेवर आजार झोपलेला नसतो, माणूस झोपलेला असतो, आणि त्या माणसाला घर असतं. लिहून घेतलं. सोपं वाटलं!

५ मार्च, बुधवार

काकू आल्या. लहानखुऱ्या, पायात कापडी बूट, स्टुलाच्या अगदी कडेला टेकलेल्या — परक्या घरी बसावं तशा. मुलगा दाराशी फोनवर. त्याला ऑफिसात परत जायचं होतं, ते त्याच्या पायांवरून कळत होतं.

मी तोवर सगळं उरकलं होतं. अंग पुसणं, दाढी, चादर, भरवणं. काकू आल्या तेव्हा नवरा स्वच्छ, भांग पाडलेला! सिस्टर म्हणाल्या, आजीबाई, हाताला वेग आहे तुमच्या. वेग असणारच. इतकी वर्षं पान वेळेत छपाईला सोडत आले. घड्याळ माझ्या अंगात आहे.

८ मार्च, शनिवार

आज काकू लवकर आल्या. मी दाढी करत होते. त्या घरून टॉवेल घेऊन आल्या होत्या, तो हातात धरून उभ्या राहिल्या. मी करू का, असं काहीसं पुटपुटल्या. मी म्हटलं, बसा काकू, दमला असाल, आम्ही आहोत ना. त्यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली आणि पिशवीत ठेवली.

घरच्यांनाही जपायचं, असं बाईंनी शिकवलंय. जपलं.

९ मार्च, रविवार

सुट्टी. पाय दुखतात.

११ मार्च, मंगळवार

काकू हल्ली दुपारीच येतात. स्टूल खाटेपासून थोडं लांब ओढून बसतात, तास संपला की उठतात. काकांचा डावा हात अधूनमधून चादरीवरून त्यांच्याकडे सरकतो. त्या तो थोपटतात आणि घाईने माझ्याकडे बघतात, जणू काचेच्या कपाटातल्या वस्तूला हात लावला.

हे आज लिहिताना दिसतंय. वॉर्डात दिसलं नव्हतं. तिथे मी चार्ट भरत होते.

१३ मार्च, गुरुवार

बैठक झाली. मोठे डॉक्टर, फिजिओ, सिस्टर, मुलगा, काकू. काकांची रोजची शुश्रूषा करते म्हणून मलाही बोलावलं. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

प्रश्न एकच : काका घरी जाणार की संस्थेत? शहराबाहेर अशा रुग्णांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे एक खाट रिकामी होतेय. फिजिओने काकूंना विचारलं, यांना कुशीवर कधी वळवलंत? नाही. भरवलंत? नाही. लघवीचं भांडं दिलंत? काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, या करतात सगळं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो, मीच करते. काकूंना कशाला त्रास, म्हणून त्यांना हातच लावू दिला नाही."

कौतुकाची वाट बघत होते! डॉक्टरांनी मान हलवली, पेन काढलं. म्हणजे घरी करणारं कोणी नाही, असं ते म्हणाले. त्यात चूक काहीच नव्हती. मुलगा म्हणाला, आईला झेपणार नाहीच, मी नोकरीवर, बायको नोकरीवर. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.  पुढच्या आठवड्याअखेर संस्थेत, असं ठरलं.

बैठक संपल्यावर काकू दारात थांबल्या. माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, तुम्ही फार केलंत हो त्यांचं. आभार मानून गेल्या बाई. मला चपराक बसली असती तरी एवढं लागलं नसतं.

१४ मार्च, शुक्रवार

ट्यूटरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, त्या खाटेपाशी काकूंना काय काम होतं? मी म्हटलं, काहीच नाही. बाई म्हणाल्या, "संसारात पन्नास वर्षं काम केलेल्या बाईला तुम्ही दहा दिवसांत पाहुणी करून टाकलंत."

बाहेर येऊन जिन्यात बसले. वर्गातली टापटीप — इस्त्रीशिवाय रुमालसुद्धा वापरत नाही म्हणून हे नाव — शेजारी येऊन बसली. म्हणाली, आजीबाई, रडायचं तर ॲप्रन काढून रड, डाग पडतो. हसू आलं. रडूही आलंच.

जे मी वेगाने उरकत होते, ते उरकायचं काम नव्हतंच. दाढी लवकर झाली म्हणून कुणाचं काय वाचलं? माझा चार्ट वेळेत भरला, एवढंच.

१५ मार्च, शनिवार

सिस्टरना विनंती केली : जाईपर्यंतचे दिवस काकूंना शिकवू द्या, मग पुन्हा ठरवा. सिस्टर म्हणाल्या, वरातीमागून घोडं. मग म्हणाल्या, बरं, शिकवा, पण काका पडले तर गाठ माझ्याशी.

काकूंना फोन केला. सकाळी लवकर याल का, असं विचारलं.  त्या म्हणाल्या, चालेल मी आलेलं?

१७ मार्च, सोमवार

काकू आल्या.  पहिलाच घास चुकीच्या गालात गेला, काकांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले, मी पाठ पुढे घेतली, निभावलं. काकू भिंतीला टेकून उभ्या. मला जमणार नाही, म्हणाल्या.

मी बाजूला बसवलं त्यांना. म्हटलं, पहिल्याच दिवशी हात का घातला नाहीत, मला ढकलायचं ना बाजूला. तेव्हा त्या बोलल्या, अगदी साधेपणाने :

"तुम्ही इतकं नेटकं करत होतात. मला वाटलं, आता माझ्या हातांची गरज संपली."

 पाणी आणून दिलं. मग पुन्हा चमचा त्यांच्या हातात दिला. हनुवटी खाली, डाव्या गालात, छोटा घास, गिळेपर्यंत थांबायचं. थांबणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि तोच मला येत नाही. माझे हात सारखे पुढे जात होते. शेवटी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले, शाळेत उभं करतात तशी.

१८ मार्च, मंगळवार

काकूंना सूर सापडला. काका तोंड उघडेनात, तर म्हणाल्या, जन्मभर लोकांची कुलपं उघडलीत आणि आता स्वतःचं तोंड उघडायला माझी मिनतवारी? उघडा दुकान, गिऱ्हाईक आलंय!

काका हसले. घशातून, वेडंवाकडं, पण हसले. इतके दिवस मी त्यांचं सगळं केलं, हसवलं एकदाही नव्हतं. समोरच्या खाटेवरचे बसवाले आजोबासुद्धा म्हणाले, बाई, उद्या माझंही दुकान उघडून जा.

१९ मार्च, बुधवार

कुशीवर वळवणं शिकवलं. चादरीच्या आधाराने, गुडघा वाकवून, एक-दोन-तीन म्हणत. काकूंची उंची कमी, काका अंगाने भारी. तिसऱ्यांदा जमलं. व्हीलचेअरमध्ये बसवताना काकूंनी क्षणभर कंबर धरली. मी विचारलं. काही नाही हो, म्हणाल्या, वय झालं. मी त्यांना कमरेला पट्टा बांधायला सांगितला आणि पुन्हा करून घेतलं. उद्या फिजिओसमोर करून दाखवायचं होतं ना.

२० मार्च, गुरुवार

झालं! फिजिओने सगळं करून घेतलं. वळवणं, बसवणं, भरवणं. कुठेच अडल्या नाहीत. फिजिओ म्हणाला, आजी, नोकरी हवी असेल तर सांगा. काकू लाजल्या.

मुलगा संध्याकाळी आला. आईकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला — पहिल्यांदाच बसला — आणि मला विचारलं की मलाही वळवायला शिकवाल का. घरात पुढची खोली रिकामी करतो म्हणाला, सोफा विकून टाकू. काकू म्हणाल्या, सोफा तुझ्या बापाने घेतलाय, विकायचा नाही, सरकवायचा. मायलेकांचं भांडण जुंपलं. खाटेवरून काका एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. छान वाटत होतं. घर आल्यासारखं वॉर्डात.

उद्या फेरबैठक. सिस्टर म्हणाल्या, घरी पाठवायलाच हरकत नाही. वाईटातून चांगलं झालं असं लिहिणार होते. पण नको. झालेली चूक झालीच. ती भरून निघाली, एवढंच.

२१ मार्च, शुक्रवार

फेरबैठकीआधी नव्या वाचाउपचार-बाई आल्या. काकांना कुणी विचारलं का, असं त्यांनी विचारलं. कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी दोन चित्रं काकांसमोर धरली. एक घराचं, एक रांगेने खाटा असलेल्या मोठ्या इमारतीचं. काकांनी डावं बोट इमारतीवर ठेवलं. समजलं नसेल म्हणून बाईंनी चित्रांच्या जागा बदलल्या. बोट पुन्हा इमारतीवर. मग तेच बोट उचलून त्यांनी काकूंच्या कमरेला लावलं, आणि मान नाही-नाही हलवली.

दोन दिवस मी त्यांच्या डोळ्यांदेखत काकूंकडून त्यांचं वजन उचलवून घेत होते. ते बघत होते.

काकू खूप रडल्या, रागावल्या, त्यांच्याशी अबोला धरला, आणि दुपारी त्यांना भरवायला बसल्या. सोमवारी सकाळी संस्थेची गाडी येईल. काकू सोबत जाणार आहेत. रोज दुपारचा घास त्याच भरवणार, हे संस्थेच्या सिस्टरने फोनवर मान्य केलंय.