रेबेकाबाईंच्या कोंबड्या माझ्या चार्जमध्ये

१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. सकाळी ६.३०
काल कंपनीतून रिटायर झालो. चोवीस वर्षं, त्यातली अकरा शिफ्ट-इन्चार्ज. आज उठून भोंग्याची वाट पाहिली. मग आठवलं.
पण नशीब बघा. शेजारच्या रेबेकाबाई आज निघतायत. मुलगी इस्राएलला असते, तिचं बाळंतपण. पाच महिन्यांनी परत येणार. तोवर त्यांच्या चार गावठी कोंबड्या आमच्याकडे. म्हणजे चार्ज माझ्याकडे. रेबेकाबाई म्हणाल्या, महिपतराव, तुम्ही काही करू नका, चंद्रा सगळं बघेल. माझ्यावर भार नको म्हणून किती विचार करतात. चंद्रा म्हणजे चंद्रावती, माझी बायको. ती मदतीला राहील.
तीनशे माणसं सांभाळली. चार कोंबड्या म्हणजे काय.

४ नोव्हेंबर
खुराड्याच्या दारावर ड्यूटी चार्ट लावला. सहाला बाहेर, अकराला विश्रांती, साडेपाचला आत.
साडेपाचला चौघी शेवग्यावर. खाली उभं राहून दोनदा समज दिली. चंद्रावतीने कण्यांचा डबा वाजवला तेव्हा उतरल्या. माझी समज जरा उशिरा लागू झाली असावी.

१० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७
विस्तार केला. पेणला जाऊन, तिथून गागोदे बुद्रुकच्या हैबतरावांकडून लेगहॉर्नची सहा पिल्लं आणली. तीन महिन्यांची, पांढरीशुभ्र. हैबतराव शपथेवर म्हणाले की सहाही माद्या, संक्रांतीनंतर अंड्यावर येतील. मी स्वतः उलटसुलट करून पाहिलं. खात्री पटली. येताना एसटीत करंडी मांडीवर घेतली. पँट भिजत घातली आहे.
चंद्रावती म्हणाली, नव्या-जुन्या एकदम एकत्र सोडू नका, आठ दिवस जाळीआड ठेवा, एकमेकींना बघू देत. मी म्हटलं, नव्या बॅचचं इंडक्शन मी बावीस वेळा केलंय. सगळ्यांना एकत्र सोडलं.
किरकोळ मतभेद झाले. एका नव्या मेंबरच्या तुऱ्यातून रक्त आलं. चंद्रावतीने हळद दाबली. उरलेल्या पाच न्हाणीच्या पत्र्यावर बसल्या आहेत. खाली यायला तयार नाहीत.

१३ नोव्हेंबर
मधे जाळी टाकली. कोळीवाड्यातून जुनं जाळं चंद्रावतीने आणलं, बांबू तिनेच रोवले. सुपरव्हिजन माझं. जाळीची कल्पना एवढी साधी आहे की ती मलाही सुचणारच होती.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ५.१५
एका नव्या कोंबडीचा घसा बसलाय. पहाटेपासून विचित्र आवाज काढते आहे. पाण्यात तुळस घातली.

१६ डिसेंबर
आणखी तिघींचा घसा बसला. साथ दिसते. मागच्या आळीतल्या गोदूबाईंना बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या आहेत, पण शास्त्रीय माहिती नाही. कुंपणापलीकडूनच म्हणाल्या, “महिपतराव, हे कोंबडे हायत. चार कोंबडे.” आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या.
सेकंड ओपिनियन घेतलं पाहिजे.

१७ डिसेंबर
कोंबडे आहेत.
हैबतरावांनी फसवलं असं म्हणता येणार नाही. त्यांचीही माझ्यासारखीच खात्री पटली असणार.

२४ डिसेंबर
चौघे दिवसभर मारामाऱ्या करतात. रेबेकाबाईंच्या कोंबड्या कुठेकुठे लपून बसतात, खुराड्यात अंडी दिसत नाहीत. समोरच्यांनी दोनदा निरोप पाठवला की पहाटेचं आवरा. चंद्रावती म्हणाली, इतक्या कोंबड्यांना एकच पुरे. कोलाडला कान्हूचं हायवेवर हॉटेल आहे, तो तिघांना घेऊन गेला. त्यातल्या एकाने जाताना माझ्याकडे पाहिलं. इथे तिघांची कोलाडला बदली झाली, एवढंच लिहितो.
कोलाडला काही दिवस जेवायला जाणार नाही.

२ जानेवारी १९९७, गुरुवार. सकाळी ९
एक कमी आहे. रेबेकाबाईंची बोडक्या मानेची. त्यांची सगळ्यात लाडकी, तिला हातावर घेऊन त्या ओट्यावर बसायच्या.
काल फिरायला पुलापर्यंत गेलो तेव्हा मागचं फाटक उघडं राहिलं होतं. परवाच कुंपणाच्या दगडी गडग्यावर मुंगूस पाहिलं होतं. फाटक वाऱ्याने उघडलं असेल.
वारा नव्हता.
चंद्रावतीला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. अजून लक्षात आलं नसावं.

५ जानेवारी
रेबेकाबाईंना पत्र लिहायला बसलो. ‘एक कोंबडी अनुपस्थित आहे’ असं लिहिलं, फाडलं. ‘निसर्गनियमानुसार’ असं लिहिलं, फाडलं. शेवटी सर्व कुशल म्हणून पोस्टात टाकलं.
आजपासून अंडं खाणार नाही. पित्ताचा त्रास आहे.

१४ जानेवारी
चार्ट काढला. ऊन लागून अक्षरं पुसट झाली होती.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी १२
बोडक्या मानेची आली. रेबेकाबाईंच्या पडवीतल्या सरपणामागून निघाली आणि तिच्यामागे नऊ पिल्लं. मी मोजताना चुकलो, पुन्हा मोजली. नऊ. चष्म्याची काच ओली झाली, धूर फार होता.
चंद्रावतीला हाका मारत गेलो. ती शांतपणे बारीक कण्या घेऊन आली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज तिकडे जाऊन दाणापाणी देत होती. मला का सांगितलं नाहीस, विचारलं.
“सांगितलं असतं, तर तुम्ही तिलाही ड्यूटी लावली असती,” ती म्हणाली. “आणि फाटकाचं तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते.”
मी म्हटलं, सांगणारच होतो. ती म्हणाली, जेवताना दोन अंडी घ्या आता.
एकूण, माझ्या कारकिर्दीत तेवीस दिवसांत नऊची वाढ.

१६ फेब्रुवारी
पिल्लं आठ. एक घारीने नेलं. मी समोर खुर्चीत बसलो होतो. पेपर वाचत नव्हतो, हातात होता फक्त.

३ मार्च १९९७, सोमवार. संध्याकाळी ६
रेबेकाबाईंचं पत्र आलं, चंद्रावतीच्या नावाने. तिने मागच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. मुलगी झाली. महिपतरावांचं पत्र मिळालं, त्यात ‘सर्व कुशल’ पाच वेळा आहे, म्हणून काळजी वाटली होती, पण तुझ्या पत्रांतून सगळं कळत होतं. चंद्रावती दर आठवड्याला लिहीत होती. मला माहीत नव्हतं.
मग पुढे वाचलं. “चंद्रा गो, मी आता परत येत नाय. लेक सोडत नाय, माझे गुडघेपण नायत चालत. घर विकायचं भावाला कळवलंय. कोंबड्या तुझ्या.”
चंद्रावती पत्र घडी करत राहिली. वीसेक वर्षं त्या दोघी रोज संध्याकाळी या ओट्यावर बसायच्या. मी तेव्हा सेकंड शिफ्टला असायचो.
भाषण सुचलं होतं, केलं नाही. शेजारी बसलो. कोंबड्या आल्या, तिच्या पायाशी.
मग विचारलं, उद्या सकाळी मी काय करू. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, पाण्याचं पातेलं घासा, शेवाळ धरलंय.
सकाळपर्यंत कशाला. आत्ताच घासून आलो. तिने हात फिरवून पाहिलं आणि पुन्हा घासायला सांगितलं.