मीठ बंद

आई,

तू भित्री होतीस, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. स्टोव्ह पेटवायची वेळ आली की तू मला हाक मारायचीस आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहायचीस, पदराचं टोक दातांत धरून. मी पिन मारायची, काकडा लावायची, पंप मारायची आणि ज्योत निळी झाली की तू आत यायचीस. पोस्टमन दारात दिसला की तू आधी त्याच्या हाताकडे बघायचीस, तार तर नाही ना म्हणून. कुत्री, विजा, कचेरीतला शिपाई, रात्री उशिरा वाजलेली कडी, सगळ्यांची तुला भीती. एकदा मी तुला हसले. मोठ्याने नाही, तोंडातल्या तोंडात. तू भाकरी तव्यावर तशीच टाकून माझ्याकडे वळलीस. "तुला काहीच कसं वाटत नाही गं? कशाची बनलीयस तू?" भाकरी करपली. तू चिडून विचारत होतीस, पण मला ते शाबासकीसारखं वाटलं. तू गेल्यावर मी सोलापूरला नर्सिंगला गेले तेव्हा तेच वाक्य बरोबर घेऊन गेले. पहिलं इंजेक्शन देताना वर्गातल्या मुली रडल्या. माझा हात हलला नाही. ड्रेसिंग, टाके, मयताची तयारी, कशालाच हलला नाही. ट्यूटर म्हणायच्या, ही मुलगी थंड आहे, ऑपरेशन थिएटरला चालेल.

मग मला वाशीला नोकरी लागली आणि सगळं उलटं झालं. बाबा एस.टी.त ट्रंक चढवून देऊन परत फिरले, आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आधीच मला भीती वाटायला लागली. ती कित्येक महिने गेली नाही. या गावाला गाव म्हणावं असं तेव्हा काही नव्हतं. सेक्टरांना नंबर होते, बिल्डिंगींना नंबर होते आणि सगळ्या बिल्डिंगी एका साच्यातून काढल्यासारख्या होत्या. मला आकडे आवडतात, तुला माहीत आहे, पण इथे आकड्यांचा आधार वाटेना. पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्याच बिल्डिंगीत चढून दुसऱ्याच दाराच्या कुलपात किल्ली फिरवत होते. आतून बनियन घातलेल्या गृहस्थांनी दार उघडलं. "ताई, तुमची पुढची बिल्डिंग." दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा ते आत वळून ओरडले, "अगं, सिस्टर आल्या परत. आता चहाच टाक." ते हसले, त्यांची बायकोही हसली. मी सॉरी म्हणून जिना उतरले आणि खाली येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मी घाबरले होते. चुकीच्या दारासाठी! मग मला तू आठवलीस, आणि मी स्वतःवर फार चिडले.

हॉस्पिटल लहान होतं, नवीन होतं, भिंतींना अजून रंगाचा वास होता. माझं प्रोबेशन चालू होतं. खोलीतल्या दोघी केरळच्या, त्या आपसांत मल्याळीत बोलायच्या, त्याचं मला काही वाटायचं नाही. भीती वाटायची ती मराठीची. सोसायटीतल्या बायकांची मराठी निम्मी हिंदी, आणि आजूबाजूच्या जुन्या गावांतून येणाऱ्या पेशंटांची तिसरीच. कुणी म्हातारी "मना बरा नाय" म्हणायची आणि ते समजायला मला एक क्षण जास्त लागायचा. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी मी झोपेतही वाचलं असतं, पण आपल्याच भाषेत काहीतरी निसटेल आणि त्यात कुणाचा तरी जीव जाईल, असं मला रोज सकाळी गणवेशाची कॉलर नीट करताना वाटायचं.

तेव्हा मेडिकल वॉर्डात एक बाबा होते. मिठागरावर जन्म काढलेला माणूस, खाडीकाठच्या गावचा. त्यांच्याकडे खंडाने घेतलेले काही वाफे होते, ते आणि त्यांची सून मिळून मीठ पिकवायचे. हृदय थकलेलं, पाय सुजून घोट्यांचं हाड दिसेना, उताणं निजलं की धाप. दोन दिवस इंजेक्शनं दिल्यावर जरा उतार पडला. पण पलंगावरून उठायचं नाही, संडासलाही नाही, अशी ताकीद होती. तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी आहार बदलला, आणि तो पेशंटला समजावून सांगणं माझं काम होतं. मी त्यांच्या पलंगाशी गेले आणि आम्ही शिकलो होतो तसं, थोडक्यात आणि स्पष्ट सांगितलं.

"बाबा, आजपासून तुमचं मीठ बंद."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कोन बोलला?"

"मोठे डॉक्टर. मोठे साहेब."

"सगला?"

"हो, पूर्ण बंद."

"सगल्यांचाच, का माझा एकट्याचा?"

मी वॉर्डावरून नजर फिरवली. "सध्या तुमच्या एकट्याचंच."

"मंग आमी खायाचा काय?"

"इथून मिळेल ते खायचं. घरून काही आणायचं नाही."

त्यांनी चादर छातीवर ओढली. डोळे मिटून पडून राहिले. मला बरं वाटलं, पहिल्यांदाच कुणी एवढे प्रश्न नीट विचारले आणि मी एवढी नीट उत्तरं दिली म्हणून.

दुपारी भेटायच्या वेळेत गर्दी होती. ती ओसरल्यावर मी औषधांची ट्रॉली घेऊन आत आले तर पलंग रिकामा. वॉर्डातल्या मावशी उशीचा अभ्रा काढत होत्या. "सिस्टर, तुमचा बाबा गेला. चादर बघा कशी घडी करून ठेवलीय. सदरा मात्र दवाखान्याचाच घालून गेलाय. तसा प्रामानिक हाय." मी ट्रॉली तशीच ढकलत इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. त्या डबा खात होत्या. "पळाला ना? मग तसं लिही. टेन्शन नको घेऊ, गावचे असेच पळतात. बिल भरायचं नसतं." मग एक घास थांबून म्हणाल्या, "तुझ्या ड्यूटीत गेला, नाही का? प्रोबेशन आहे ना तुझं?" माझ्या हाताला तेव्हा जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ट्रॉलीवरच्या काचेच्या सिरिंज एकमेकींवर वाजत होत्या. मी हात उचलला, तेव्हा त्या वाजायच्या थांबल्या.

जिन्यात मावशींना गाठून मी विचारलं, या बाबांचं घर कुठे. त्या म्हणाल्या, "घरी कशाला जाईल? मिठावर गेला असंल."

मिठावर. मी दोन पायऱ्या उतरले होते, तिथेच थांबले. आपल्याकडे माणूस शेतावर जातो, कामावर जातो, तसे हे मिठावर जातात. मीठ म्हणजे यांचं काम, यांची जागा, यांचं पोट. नव्या शहरासाठी जमिनी घ्यायला गावागावांत तेव्हा मोजणीवाले फिरत होते, साखळ्या घेऊन, चुना लावलेले दगड रोवत. आणि मी पांढऱ्या कपड्यांतली, कागद हातात घेतलेली बाई, त्या माणसाला सांगून आले होते की आजपासून तुमच्या एकट्याचं मीठ बंद, साहेबांचा हुकूम.

मी गणवेशातच निघाले. इन्चार्जना सांगितलंही नाही. मावशी माझ्यामागून येत होत्या आणि बडबडत होत्या, "सिस्टर, बांधावरून पलू नका, गाल-चिखल हाय दोन्हीकरं, रुताल." मिठागराचा बांध पाऊलभर रुंदीचा, दोन्ही बाजूंना चमकणारं पाणी, त्यात ऊन इतकं पांढरं की डोळे उघडे ठेवता येईनात. प्रत्येक पावलाला मी एकच गोष्ट बघते आहे: पाण्यात पालथा पडलेला माणूस, हॉस्पिटलच्या सदऱ्यात. मी त्याला नीट बघते आहे, त्याची मान कुठे वळली आहे तेही. मग मिठाच्या एका राशीच्या सावलीला तो सदरा खरंच दिसला. बाबा बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून श्वास घेत. ओठ जांभळट. मी नाडी धरली. ती अडखळत होती, पण होती.

"तुमी मोजनीवाल्यांच्या ना?" त्यांनी एकेक शब्द तोडत विचारलं.

"नाही हो बाबा. मी दवाखान्यातली. मी जेवणातलं मीठ म्हणत होते. भाजीतलं."

त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी त्यांच्या बोलीत तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मग ते हसायला लागले, हसता हसता खोकले, आणि मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "भाजीतल्या मिठाच्या पायी मरतंस का रं म्हाताऱ्या?" मीही हसले असेन. मग मी म्हटलं, चला आता, उठा. ते उठले नाहीत. त्यांनी समोर वाफ्यांकडे बोट केलं.

"ता जेवनातला झाला. ह्यो बंद होनार का नाय, ता सांग."

बांधाच्या टोकाला चुना लावलेले दगड ओळीने दिसत होते. त्यांच्या पलीकडे भरावाचे ट्रक माती ओतत होते. उत्तर मला माहीत होतं आणि ते माझ्या तोंडावरही असणार. पण ते उत्तर दिलं असतं तर हा माणूस तिथून हलला नसता, आणि तिथे संध्याकाळपर्यंत टिकला नसता. मी न मोजता, न तपासता बोलत नाही, आई. कधीच नाही.

"नाही होणार," मी म्हटलं.

"कोनाला इचारलंस?"

"साहेबांना. विचारूनच आले."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरा," ते म्हणाले. "तू बोलतेस तर बरा." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उठले. परत आणलं ते भरावाच्याच एका रिकाम्या ट्रकच्या केबिनमधून. ड्रायव्हर कुरकुरत होता, मावशी त्याला शिव्या देत होत्या, आणि बाबा सगळ्या रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होते.

ते त्या खेपेला वाचले. माझी नोकरीही राहिली. इन्चार्ज फक्त एवढंच म्हणाल्या, "आणलास? बरं, 'पळाला' खोडून टाक." पुढे बाबा तपासून घ्यायला येत राहिले. त्यांनी मला साहेबांबद्दल कधीही विचारलं नाही, पुढच्या वर्षी वाफे गेले तेव्हाही नाही. मला वाटायचं ते विसरले. काल मी नेरूळच्या बाजूला, मिठागर बुजवलेल्या जागेवर, एका मैत्रिणीचा नवा फ्लॅट बघायला गेले, आणि गॅलरीत उभी असताना एकदम लक्षात आलं की ते दगड बाबांच्याही समोर होते. माझ्या कितीतरी आधीपासून, रोज. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. मी घाबरलेली दिसत होते, म्हणून ते "बरा" म्हणाले.

त्यांचं ते बराच वेळ पाहणं मी आतून ओळखते, म्हणून तुला लिहायला बसले. हे कुठे टाकायचं नाही, तुझा पत्ता नाही. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी तू चुलीपाशी भिंत धरून वाकली होतीस. मी शाळेत निघाले होते. "पित्त झालंय गं, दुसरं काही नाही. जा तू," तू म्हणालीस. तुझ्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी तेव्हा काही शिकले नव्हते, तरी ते पित्त नव्हतं हे मला कळलं होतं. मी तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं, "बरं" म्हणाले, आणि दप्तर घेऊन निघाले. तुला वाटलं असेल, हिला काहीच वाटत नाही. मला इतकी भीती वाटली होती की वळणापर्यंत मी पळत गेले.