एकाच टाचणीत दोन दाखले

बल्लारशा, ता. ३ फेब्रुवारी १९६४

न्हाय मामा, तुम्ही काहीही लिहा, आईची पंधरा रुपयांची मदत माझ्यामुळं बंद झाली हे मी कबूल करणार न्हाय. मागच्या दोन पत्रांत तुम्ही तेच लिहिलं, मीही तेच उत्तर दिलं, आता तिसऱ्यांदा लिहितो. (तुम्हाला आणि मामीला दंडवत. मामीच्या गुडघ्याला उतार असंल. म्हैस व्याली का तेही कळवा, मागच्या पत्रात तुम्ही भांडायच्या नादात विसरलात.) माझी तब्येत ठीक आहे, फक्त कारखान्याच्या वासानं जेवण जात न्हाय. इथं बांबू उकळून कागद करतात. रोज रेल्वेच्या वाघिणी भरून कागद जातो, तो मी या हातांनी उचलतो, आणि तिकडं वीतभर कागदानं आपल्या घराची अशी दशा केली.

आता मला सगळं एकदा सरळ लावू द्या. ज्ञानोबाला सरकारनं कॉलेजासाठी कर्जाची शिष्यवृत्ती दिली. आता घ्यायची, नोकरी लागली की फेडायची. धाकटा हुशार आहे, त्यात वाद न्हाय. (मी चौथीतून पळालो तेव्हा मास्तरांनी आईला सांगितलं होतं, एक गेला तर जाऊ द्या, दुसऱ्याला धरून ठेवा.) त्या कर्जाला जामीन पायजे, आणि जामीनदार ऐपतीचा पायजे. म्हणून तुम्ही कचेरीत जाऊन ऐपतीचा दाखला काढला. अकरा एकर जमीन, विहीर, बैलजोडी, पत्र्याचं घर. इथवर ठीक. पण आईच्या विधवा-मदतीचा वर्षाचा दाखलाही तेव्हाच द्यायचा होता, आणि एसटीचं एक भाडं वाचतंय म्हणून तुम्ही दोन्ही कामं एकाच खेपेत उरकली. त्या दुसऱ्या दाखल्यात लिहून घेतलं, की सदर बाई भावाच्या आश्रयाला असून भावाचीच खायची मारामार आहे. आणि मामा, वर दोन्ही कागद एकाच टाचणीत लावून कारकुनापुढं ठेवले! वरच्या कागदात तुम्ही बागायतदार, खालच्यात उपाशी. तुम्हीच लिहिलंय, कारकून म्हणाला, "यातला लिंबाजी खरा कुठला?" तर तुम्ही म्हणालात, "साहेब, जसं काम तसा." मामा, कचेरीत असं कुणी बोलतं व्हय?

मग तो मिळकत मोजायलाच बसला. ज्ञानोबाला मिळणारा कर्जाचा हप्ता त्यानं आईच्या मिळकतीत धरला. हे मला अजून पचलं न्हाय. शेजारनं वाटीभर पीठ उसनं आणलं म्हणून आपण गिरणीवाले होतो का? तो पैसा औरंगाबादच्या खानावळीत आणि पुस्तकांत जातो, आईच्या चुलीत त्यातली काडीसुद्धा न्हाय. मी इथल्या मुकादमाला विचारलं (त्यो मॅट्रिक नापास आहे, म्हणजे आमच्यात पंडितच). म्हणाला, घरात आलेला रुपया सरकारला दिसतो, गेलेला दिसत न्हाय. म्हणजे सरकार पोराला शिकायला एका हातानं उसने देणार, आणि उसने दिले म्हणून त्याच्या आईचे दुसऱ्या हातानं काढून घेणार. एवढं होऊनही मिळकत मर्यादेच्या आत बसत होती म्हणता. मदत बुडाली ती माझ्या दीडशे रुपये पगारामुळं.

आता मला सांगा, दीडशे हा आकडा कचेरीत नेला कुणी? मला पहिल्यापासून चाँदपाशा पोस्टमनचा संशय आहे. तुमचं मागचं पाकीट मी उजेडात धरून बघितलं, ते डिंकानं न्हाय, खळीनं परत चिकटवलेलं होतं. दुसरा संशय कस्तुराबाईचा. तिचा स्वतःचा मदतीचा अर्ज परत आला तेव्हापासून ती आईच्या दारावरनं जाताना खोकती. तिसरा संशय कुणाचा ते लिहीत न्हाय, तुम्ही वडीलधारे आहात. म्हणून हे पत्र पोस्टानं न पाठवता माझ्या खोलीतल्या परंड्याच्या नबीलालच्या हाती देतोय, तो ईदला घरी निघालाय. त्याला वाचता येत न्हाय. (असं तो म्हणतो.)

हे सगळं भांडण तुमचं-माझं चालू राहिलं असतं, त्याला माझी हरकत न्हाय. पण परवा ज्ञानोबाचं कार्ड आलं. आईनं शेळी विकली हे त्याला कुणीतरी कळवलंय. (कुणी? हेही बघायला पायजे.) लिहितो, दादा, माझ्या कर्जापायी आईचे पैसे गेले, मी वळकटी बांधलीय, या महिन्यात तिचे पैसे सुरू झाले न्हाईत तर नाव काढून गावी येतो. मामा, मी वर्षात तीन नोकऱ्या सोडल्या, कुणाचं काही बिघडलं न्हाय. पण त्यानं हे एक कॉलेज सोडलं, तर आपल्या घरात परत कुणी कॉलेजाचं तोंड बघायचं न्हाय.

तुमचा भाचा,
बलभीम

ता. क. चाँदपाशाला काही बोलू नका. कस्तुराबाईलाही न्हाय. दीडशे मीच लिहिले होते, दिवाळीच्या मनिऑर्डरीच्या कुपनावर. तुम्ही ते वाशीच्या सोयरिकीला, पोरीच्या बापाला दाखवाल असं वाटलं होतं. तुम्ही ऐपत वाढावी म्हणून कचेरीत दाखवलंत. खरा पगार अठ्ठावन्न आहे. मुकादमाच्या सहीचा कागद आत घातलाय, तो लावून आईचा अर्ज पुन्हा करा. कचेरीला अठ्ठावन्न सांगा. वाशीला तूर्त काही सांगू नका.

आणखी एक. अर्जाचा निकाल लागायला पावसाळा उजाडंल, तोवर ज्ञानोबा थांबणार न्हाय. म्हणून नबीलाल पत्रासंगं जे देईल ते आईला द्या, आणि कचेरीनं मदत परत सुरू केली म्हणून सांगा. माझे म्हणालात तर ती डब्यात घालून माझ्या लग्नाला ठेवंल आणि स्वतः कोरा चहा पीत बसंल. तुम्ही दर महिन्याला बाजाराच्या दिवशी कचेरीतनं आणून देता, तसेच आणल्यासारखे द्या. कागदावर तिचा अंगठा घ्यायला विसरू नका, न्हायतर तिला लगेच संशय यील, तो गुण आम्हाला तिच्याकडनंच आलाय. ज्ञानोबाला त्याच दिवशी कार्ड टाका, सुरू झाले म्हणून. पुढच्या महिन्याचेही पाठवीन. आत्ताचे, एक दहाची नोट आणि पाच सुट्टे, कचेरीत मिळतात तसेच, रुपये पंधरा.