बारशाचं इंजिन

९ जुलै १९७८, रविवार

आज आयुष्याला वळण लागलं. ड्रायव्हर लॉरेन्स साहेब दौंड सोडून ऑस्ट्रेलियाला मुलीकडे चालले. जाताना मला एक खोकं दिलं. विलायतेहून मागवलेलं पितळी इंजिन, तळहाताएवढं. म्हणाले, माझे हात कापतात, मॅन, तू बनव. एवढे बुकिंग क्लार्क असताना मलाच का? माणूस ओळखतात.

खोकं उघडलं तर आत इंजिन नाही. पापडासारखे पातळ पितळी पत्रे, त्यांवर ॲसिडने कोरलेले तुकडे. कापायचे, वाकवायचे, सोल्डर करायचे. पंधरा दिवसांचं काम.

अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी, राहूला गेली आहे. दिवस भरत आलेत. बाळाचं तोंड पहिल्यांदा बघताना रिकाम्या हाताने बघू नये, ही आपली रीत. लोक रुपया ठेवतात, फार तर चांदीचं कडं. मी बारशाला इंजिन घेऊन जाणार. आजोबांनी मेंढरं राखली, मी तिकिटं देतो, पोरगा मेल चालवणार.

१४ जुलै

पत्रा वाकवायचा तिथे कोरलेली रेघ आहे. ती आत ठेवायची की बाहेर, हे इन्स्ट्रक्शनमध्ये इंग्रजीत लिहिलंय. माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे वाचायची गरज वाटली नाही. बाहेर ठेवली. चुकलं. सरळ करून उलट वाकवताना ड्रायव्हरच्या केबिनची भिंत हातात आली. पितळ हलकं आहे.

संकल्प: रोज ड्युटीनंतर दोन तास काम. विडी बंद.

२३ जुलै, रविवार

विडी उद्यापासून बंद.

बॉयलर गोल करायला अंजनाचं लाटणं घेतलं. अंड्यासारखा झाला. लांबून गोल दिसतो, आणि इंजिन नेहमी लांबूनच बघतात. बॉयलर अजून लाटण्याला बांधून ठेवलाय, त्यामुळे पोळ्या बंद. स्टेशनसमोरच्या हॉटेलात जेवतो.

शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या, आवं, येक दिस रजा टाकून बायकुला भिटून तरी या की. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२ ऑगस्ट

धुराडं जोडलं की बॉयलरवरचा घुमट निखळतो. घुमट जोडला की धुराडं. या कामाला तीन हात लागतात, आणि माझ्या घरात सध्या दोनच.

सोल्डर धरत नव्हतं म्हणून कल्हईवाल्याकडून नवसागर आणला. तो म्हणाला, काम झालं की लगीच धुवा. मला शिकवतो! सकाळी इंजिन हिरवंगार. चिंच लावून खसाखसा घासलं. चकाकलं, पण वरचे कोरीव रिव्हेट गेले. प्लेन इंजिन जास्त मॉडर्न दिसतं.

मेव्हणा पोपट बाजाराला आला होता. अंजनाचा निरोप, कवा येताय? मी सांगितलं, बारशाला, थाटात.

११ ऑगस्ट

मुलगा झाला! मुलगा!!

पोपट दुपारी थेट बुकिंगच्या खिडकीत. म्हणाला, दाजी, पोरगं झालं, पर लई बारीक हाय, दूध वढत न्हाई. आत्ताच्या पॅसिंजरनं चला. मी म्हणालो, आमच्या घराण्यात सगळे लहानपणी बारीकच असतात, मलाच बघ. धुराडं तेवढं राहिलंय, बसलं की निघालोच. त्याच्याजवळ पेढे दिले. खिडकीत आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. एका म्हातारीला तर तिकिटाआधी पेढा.

१४ ऑगस्ट

पोपट पुन्हा आला. आक्का म्हंती, काय बी आणू नका, नुसतं या. अंजना पहिल्यापासून भिडस्त. मी म्हणालो, बाप आहे मी, पहिल्यांदा तोंड बघायचं ते रिकाम्या हाताने? पोपट म्हणाला, दाजी, रीत ऱ्हाऊ द्या वो. आजकालच्या पोरांना रीतीचं काही राहिलं नाही.

धुराडं बसलं. जरा डावीकडे झुकलंय. परवा नक्की निघतो, रजा मागितली आहे.

१६ ऑगस्ट

बाळ गेलं. काल सकाळी.

पोपट आला नाही. राहूजवळच्या केडगावहून गाडीने आलेल्या एका माणसाने सांगितलं. आता बारसं नाही. नाव पण नाही.

रजा मंजूर झाली होती. घेतली नाही. एकाला मनमाडऐवजी सोलापूरचं तिकीट दिलं. तो खूप बोलला. बोलू दिलं.

२० ऑगस्ट, रविवार

विचार केला. अशा वेळी बाईमाणसाला जरा एकटं राहू द्यावं. मी गेलो की तिला पुन्हा रडू येणार. शिवाय नुसता जाऊन मी करू काय? इंजिन पुरं करून नेलं तर तिचं मन रमेल. म्हणून इंजिनाचं काम थांबवलेलं नाही. हे तिच्यासाठीच आहे.

३ सप्टेंबर, रविवार

आज इन्स्ट्रक्शनचं शेवटचं पान वाचलं. चाकं खोक्यात नाहीत. चाकं आणि मोटर वेगळी मागवायची, विलायतेहूनच. लॉरेन्स साहेबांना हे माहीत असणार. गोरे असेच.

चाकांच्या जागी शर्टाची बटणं लावून पाहिली. बरी दिसतात. राहूपर्यंत टिकली पाहिजेत.

१७ सप्टेंबर, रविवार

राहूला जाऊन आलो. सासरे कोंडिबाआप्पा ओट्यावर बसले होते. या, म्हणाले, आणि पाणी आणवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अंजना बाहेर आली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जातील इतकी हडकली आहे. मी रुमाल सोडून इंजिन ठेवलं. दोन बटणं एस.टी.त पडली होती. तिने ते हातात घेतलं, फिरवून बघितलं. म्हणाली, चाकं न्हाईत व्हय. मी विलायतेचं सगळं सांगितलं, मोटरचं, नवसागराचं. तिने मला संपवू दिलं. मग म्हणाली, त्येच्या हातावर चार आणं ठिवलं आसतं तरी काय झालं आसतं. त्येला काय कळणार हुतं? तुमी आला आसता.

मी म्हणालो, चल घरी. ती म्हणाली, मी शिरूरला मावशीकडं चाललीया, शिवण शिकाया. किती दिवस, म्हणून विचारलं. इंजिन पुन्हा रुमालात बांधून तिने माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

१८ सप्टेंबर

कालचं एक लिहायचं राहिलं.

पोपट मला एस.टी.पर्यंत सोडायला आला. उसाच्या कडेने चाललो होतो. बांधावरच्या लिंबाखाली तो थांबला. तिथे मातीवर काटेरी फांदी टाकलेली होती, कुत्री उकरू नयेत म्हणून. मी पण थांबलो. पोपट म्हणाला, दाजी, त्यो कुणावानी हुता, ते तुमी आजून कुणालाच इचारलं न्हाई. मी विचारलं. तो म्हणाला, कपाळ आक्काचं. नाक, हनवटी, समदं तुमचं.

त्याला पोपटाने पाहिलं, आप्पांनी पाहिलं, आळीतल्या बायकांनी पाहिलं. पाच दिवस तो सगळ्यांना दिसत होता. पॅसेंजर रोज जात होती. तिकीट द्यायला मीच बसलो होतो.

मी त्याला पाहिलं नाही.